फोनमधलं सव्वा ग्रॅम लिथियम

ओवी_म

"बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नकोस." "रात्रभर लावून ठेवलीस तर फुगेल." "नवा फोन आधी आठ तास चार्जिंगला ठेवायचा." ही वाक्यं घरोघरी ऐकू येतात. मी बॅटरी पॅकच्या चाचणीचं काम करते, त्यामुळे लग्नकार्यात, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला हेच विचारलं जातं. दर वेळी हो किंवा नाही सांगण्यापेक्षा आत काय चालतं ते एकदा नीट लिहावं, म्हणजे कुठलाही सल्ला ज्याचा त्याला पारखता येईल, म्हणून हा धागा.

एका हिशेबापासून सुरुवात करते. फोनच्या बॅटरीवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं, म्हणजे ५ अँपिअरचा प्रवाह तासभर. सेकंदांत मांडलं तर १८,००० कूलंब (विद्युतभाराचं एकक). एका लिथियमच्या अणूमागे एक इलेक्ट्रॉन मिळतो. म्हणून फॅरेडेच्या ९६,४८५ या आकड्याने (एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार, कूलंबमध्ये) भागायचं आणि लिथियमच्या अणुभाराने, ६.९४ ने, गुणायचं. उत्तर येतं साधारण १.३ ग्रॅम. तुमचा फोन दिवसभर चालतो तो एवढं सव्वा ग्रॅम लिथियम बॅटरीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेल्यामुळे. चार्जिंगला लावलात की तेच लिथियम परत जागेवर येतं. चार्जर बॅटरीत कुठलाही पदार्थ ओतत नाही. तो फक्त ढकलतो.

या दोन बाजू कशा दिसतात ते सांगते. आमच्या प्रयोगशाळेत खराब झालेला सेल आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेटीत, जाड हातमोज्यांतून उघडतात. (घरी कोणीही हे करू नये, पुढे त्याचं कारण येईलच.) आत एक घट्ट गुंडाळी असते. ती उलगडली की दोन लांब पट्ट्या निघतात. एक तांब्याची फॉइल, तिच्यावर ग्राफाइटचा, म्हणजे कार्बनचाच, लेप. ही ऋण बाजू. दुसरी ॲल्युमिनियमची, तिच्यावर धातूच्या, फोनमध्ये बहुधा कोबाल्टच्या, ऑक्साइडचा काळा लेप. ही धन बाजू. दोन्हींच्या मधे पांढरी प्लास्टिकची फिल्म, जाडी जेमतेम २० मायक्रॉन, तिला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. आणि हे सगळं एका सेंद्रिय द्रवात भिजलेलं. सेल उतरलेला असेल तर ग्राफाइटची पट्टी काळी निघते. पूर्ण चार्ज असताना उघडला तर तीच पट्टी सोनेरी निघते. मधल्या पायऱ्यांवर ती निळसर, मग लालसर असते. सहा कार्बनमागे एक लिथियम एवढीच ग्राफाइटची क्षमता आहे, आणि सगळ्या जागा भरल्या की हा सोनेरी रंग येतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी काम थांबवून नुसती बघत राहिले होते. चार्ज म्हणून आपण जे टक्के स्क्रीनवर वाचतो, ते तिथे रंगात दिसतं.

आता वीज कशी मिळते. ऊर्जेच्या हिशेबात लिथियमला ग्राफाइटपेक्षा कोबाल्ट ऑक्साइडमध्ये राहणं कितीतरी जास्त परवडतं. संधी मिळाली की ते तिकडे निघतं. पण ग्राफाइटमधून निघताना ते आपला इलेक्ट्रॉन मागे टाकतं आणि आयन (विद्युतभारित अणू) होऊन द्रवातून, त्या फिल्मच्या छिद्रांतून पलीकडे जातं. इलेक्ट्रॉनला तो द्रव वाट देत नाही. त्याला बाहेरच्या तारेनेच जावं लागतं, आणि त्या तारेवर तुमचा फोन बसलेला असतो. पलीकडे पोचल्यावर इलेक्ट्रॉन कोबाल्टला मिळतो, आयन ऑक्साइडच्या थरांमध्ये बसतो. दोन जागांमधल्या ऊर्जेचा हा फरक सरासरी ३.७ व्होल्टच्या आसपास आहे. सेलवर छापलेला ३.७ हा आकडा येतो तो इथून. चार्ज करताना चार्जर त्याहून जास्त जोर लावतो, ४.२ व्होल्टपर्यंत, आणि लिथियमला मनाविरुद्ध ग्राफाइटमध्ये परत बसवतो.

हे सुचायला माणसं किती झटली! १९७० च्या दशकात तेलसंकटाच्या काळात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेल कंपनीत असा सेल केला. धन बाजूला टायटॅनियम डायसल्फाइड, ऋण बाजूला धातुरूप लिथियम. चालला, पण धातूचं लिथियम पुन्हा पुन्हा चार्ज केलं की सपाट बसत नाही, त्याला काटे फुटतात. काटा मधली फिल्म भेदून पलीकडे टेकला की शॉर्ट सर्किट. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून सेल ४ व्होल्टवर नेला. सगळे त्या ४ व्होल्टचं कौतुक करतात, मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. हे ऑक्साइड तयार होतं तेच लिथियम पोटात घेऊन. त्यामुळे सेल उतरलेल्या अवस्थेत बांधता येतो, आणि ऋण बाजूला धातूचं लिथियम ठेवण्याची गरजच राहत नाही. तिथे लिथियमला जागा देणारा कार्बन असला की पुरे. ग्राफाइटमध्ये लिथियम विजेच्या जोरावर आत-बाहेर करता येतं हे रशीद याझामी यांनी फ्रान्समध्ये त्याच सुमारास दाखवलं होतं. १९८५ मध्ये जपानच्या असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी पेट्रोलियम कोकचा कार्बन आणि कोबाल्ट ऑक्साइड यांची जोडी जमवली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

राहिला शेवटचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. चार्ज झालेल्या ग्राफाइटशेजारी तो द्रव टिकत नाही, फुटतो. कारखान्यात पहिल्यांदा चार्ज करतानाच ग्राफाइटवर या फुटलेल्या द्रवाचा एक अगदी पातळ थर धरतो. त्याला आम्ही एसईआय म्हणतो. त्यात ५ ते १० टक्के लिथियम कायमचं अडकतं. पण तो थर हवाच. तो आयनांना जाऊ देतो, इलेक्ट्रॉनांना अडवतो, त्यामुळे पुढची नासाडी थांबते. पूर्ण मात्र थांबत नाही. थर फार हळू जाड होत राहतो आणि दर वेळी थोडं लिथियम गिळतो. दोन-तीन वर्षांनी फोन "बॅटरीची क्षमता ८० टक्के" दाखवतो, तेव्हा त्या सव्वा ग्रॅममधलं साधारण पाव ग्रॅम, बहुतांशी याच थरात, अडकलेलं असतं.

म्हणून कुठलाही सल्ला ऐकला की मी एकच प्रश्न विचारते. याने लिथियम अडकण्याचा वेग वाढेल की कमी होईल?

पूर्ण उतरवून चार्ज करणं: ही सवय निकेल-कॅडमियमच्या काळातली, तिथे गरज होती. इथे उलट नुकसान. रात्रभर लावणं: ४.२ व्होल्टला पोचून प्रवाह पुरेसा कमी झाला की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, त्यामुळे "जास्त भरून फुटेल" ही भीती नको. पण तासन् तास १०० टक्क्यांवर आणि तेही उशीखाली गरम होत राहणं वाईट. भरलेलं असणं आणि तापणं, हे दोन्ही एकत्र आले की थर सगळ्यात भराभर वाढतो. आठ तासांचा पहिला चार्ज: गरज नाही, तो खरा पहिला चार्ज कारखान्यात होऊन गेलेला असतो.

विचारा काय विचारायचं ते.

जुना_फळा

फार नेटकं लिहिलंत. मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आम्ही फळ्यावर डॅनियल सेल काढायचो, शिशाची बॅटरी काढायचो. तिथे जस्त विरघळतं, तांबं बसतं, पट्टी झिजते ती मुलांना डोळ्यांनी दाखवता यायची. इथे काहीच विरघळत नाही असं समजायचं का? आणि दुसरं, पाणी का नको? आम्ही सगळे सेल पाण्यातच केले.

ओवी_म

सर, नमस्कार. अगदी नेमका प्रश्न. शिशाच्या बॅटरीत दोन्ही प्लेटांचं रसायनच पालटतं, शिसं आणि शिशाचं ऑक्साइड या दोन्हींचं लेड सल्फेट होतं आणि चार्ज करताना परत फिरवावं लागतं. त्या उलथापालथीत प्लेट झडते. लिथियम सेलमध्ये सांगाडा जागच्या जागी राहतो. ग्राफाइट ग्राफाइटच राहतं, ऑक्साइडचे थर थरच राहतात, लिथियम तेवढं मधे शिरतं आणि निघतं. ग्राफाइट भरलं की साधारण १० टक्के फुगतं आणि रिकामं झालं की आकसतं, तेवढाच हलवाहलवीचा त्रास. म्हणून शेकडो फेऱ्या टिकतं.

एक मर्यादा मात्र आहे. कोबाल्ट ऑक्साइडमधलं निम्म्याच्या आसपासच लिथियम बाहेर काढता येतं. त्याहून जास्त ओढलं तर थर ढासळायला लागतात. ४.२ व्होल्टची लक्ष्मणरेषा त्यासाठी होती. आता लेप सुधारल्यामुळे फोनमध्ये ४.४ च्या वरही जातात.

पाण्याचं असं की ते सव्वा व्होल्टच्या आसपास फुटायला लागतं. शिशावर ही क्रिया फार संथ होते म्हणून २ व्होल्टचा शिशाचा सेल पाण्यात निभावतो, तरी इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतंच. ४ व्होल्टला पाणी टिकणं शक्य नाही. म्हणून इथिलीन कार्बोनेटसारखे सेंद्रिय द्रव आणि त्यात लिथियमचं क्षार. हे द्रव ज्वलनशील असतात. इतकी ऊर्जा इतक्या कमी वजनात मिळते ती याच्या बदल्यात.

सर्किट_सांगली

ताई, सांगलीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फुगलेली बॅटरी आठवड्याला येतेच. गिऱ्हाईक म्हणतं "स्क्रीन उचललीय, गोंद लावून द्या." उघडून बघावं तर बॅटरी उशी झालेली. आम्ही हातात धरायच्या आधी फोन बंद करतो, बॅटरीखाली लोखंडी पाती घालत नाही, प्लास्टिकची पट्टी आणि दोरा वापरतो. एखादीला बारीक भोक असेल तर गोडसर, नेलपॉलिशच्या जवळचा वास येतो. तो आला की वाळूच्या बादलीत आणि दुकानाबाहेर.

दोन प्रश्न. आत वायू नक्की कसला असतो? आणि बरेच दिवस पडून मेलेली बॅटरी लोक बूस्टर (बाहेरून जोराने वीज देणारं यंत्र) लावून उठवतात. मी करत नाही, पण शेजारचे करतात. ते बरोबर आहे का?

ओवी_म

तुमची पद्धत अगदी योग्य आहे, इतर दुकानदारांनीही वाचावी अशी.

वायू म्हणजे फुटलेला द्रव. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन, हायड्रोजन असं मिश्रण. यातले बरेच पेट घेणारे. शिवाय आतलं क्षार हवेतल्या ओलाव्याशी भेटलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, ते फुप्फुसांना आणि त्वचेला फार घातक. म्हणून "सुईने टोचून हवा काढली" हे व्हिडिओ बघून कोणीही करू नये. टोचताना दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकल्या तर हातातच आग.

बूस्टरबद्दल ठाम सांगते, करू नये. सेल फार खोल उतरला की ऋण बाजूची तांब्याची फॉइल विरघळायला लागते. तांबं द्रवात मिसळतं. पुन्हा चार्ज केलं की ते नको तिथे, अगदी त्या फिल्मच्या छिद्रांतसुद्धा, जाऊन बसतं. बॅटरी उठल्यासारखी दिसते, टक्केही दाखवते, पण आत शॉर्टची तयारी झालेली असते. बॅटरीवरचं संरक्षण सर्किट तिला "मेलेली" ठरवतं त्याला कारण आहे. पुढे ती आग गिऱ्हाइकाच्या घरी रात्री लागू शकते.

संत्रानगरी

आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला जातो. इलेक्ट्रिक स्कूटर उन्हात उभी, त्यात घरी आल्या आल्या चार्जिंग. २०२२ मध्ये पुण्यासह बऱ्याच ठिकाणी स्कूटर पेटल्या तेव्हापासून आई ती पार्किंगमध्ये उभी करू देत नाही. एलएफपी बॅटरी घेतली तर आग लागत नाही असं डीलर सांगतो. खरं का?

ओवी_म

"लागत नाही" हे चुकीचं, "लागायला अवघड" हे बरोबर.

आग कशी वाढते ते आधी सांगते. कुठल्याही कारणाने सेल १०० अंशांच्या आसपास तापला की तो एसईआय थर मोडतो. उघडं पडलेलं ग्राफाइट द्रवाशी भिडतं, त्यातून आणखी उष्णता. १३० च्या आसपास पॉलिथिलीनची फिल्म वितळते, दोन्ही बाजू भेटतात. पुढे कोबाल्ट किंवा निकेलवालं ऑक्साइड तुटून स्वतःतला ऑक्सिजन सोडतं. म्हणजे इंधन आत, ऑक्सिजनही आत. इथून पुढे ते बाहेरून थांबवणं जवळपास अशक्य, आणि शेजारचा सेल तापून तोही त्याच वाटेने जातो.

एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. यात ऑक्सिजन फॉस्फरसला इतका घट्ट बांधलेला असतो की तापलं तरी सहज सुटत नाही. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या गटाने हे मांडलं, आणि त्या मूळ शोधनिबंधावर अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. कोबाल्ट नाही, निकेल नाही, लोखंड आणि फॉस्फेट. व्होल्टेज कमी, ३.२, त्यामुळे त्याच वजनात किलोमीटर कमी. पण हजारो फेऱ्या टिकते. द्रव मात्र तोच, ज्वलनशील. म्हणून निष्काळजीपणा इथेही चालणार नाही.

नागपूरसाठी माझा सल्ला: घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास गाडी सावलीत निवू द्या, मग चार्जरला लावा. रोज १०० टक्क्यांची गरज नसेल तर ८०-९० वर थांबवा, कंपनीने अधूनमधून पूर्ण चार्ज करायला सांगितलं असेल तर तेवढं पाळा, सेलांचा समतोल साधायला ते लागतं. जिन्याखाली, बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर चार्जिंग नको. २०२२ च्या आगींनंतर एआयएस १५६ हे बॅटरी सुरक्षेचं मानक कडक झालं, त्याचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३ पासून लागू आहे. हे मानक पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडून प्रसिद्ध होतं. जुनी गाडी सेकंडहँड घेत असाल तर तिची बॅटरी या तारखेआधीची की नंतरची, हे जरूर विचारा.

एडमंटनकर

वाचतोय, सुरेख चाललाय धागा. आमच्याकडे कॅनडात उलट त्रास. उणे २५ मध्ये बाहेर फोटो काढायला फोन काढला की ३० टक्के असताना पटकन बंद पडतो, घरात आणला की पुन्हा ३० टक्के. गाडी तर चार्जरला लावली तरी पहिली वीस मिनिटं काहीच घेत नाही.

ओवी_म

लिथियम तिथेच असतं, फक्त थंडीत त्याची चाल मंदावते. आतला विरोध वाढतो, फोनने जरा जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. उतरवताना थंडीने कायमचं नुकसान फारसं होत नाही.

चार्ज करताना मात्र होतं. शून्याखाली आयनांना ग्राफाइटच्या आत शिरायला वेळ लागतो, मागून चार्जर ढकलत असतो, मग ते ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन बसतात. म्हणजे व्हिटिंगहॅम यांच्या वेळचा तोच काट्यांचा धोका. तुमची गाडी ती वीस मिनिटं बॅटरी गरम करत असते. तिला करू द्या. थंडगार फोनही घरात आणल्यावर थोडा वेळ थांबूनच चार्जिंगला लावा.

मधुरा_के

मला दोन साधे प्रश्न. शून्यापासून ५० टक्के पाऊण तासाच्या आत होतं, मग ८० पासून १०० ला एवढा वेळ का? आणि पुढच्या महिन्यात मस्कतला मुलीकडे जातेय, २०,००० एमएएचची पॉवर बँक विमानात नेऊ देतात का? तिच्यातून फोन चार वेळा चार्ज व्हायला हवा ना, तीन वेळासुद्धा होत नाही.

ओवी_म

मधुराताई, रिकाम्या एसटीत चढलेल्याला लगेच जागा मिळते, भरत आली की उरलेली सीट शोधत मागेपर्यंत जावं लागतं. ग्राफाइटमध्ये शेवटच्या आयनांचं तसंच होतं. म्हणून चार्जर आधी ठरावीक प्रवाह जोरात देतो आणि वरची व्होल्टेजची मर्यादा गाठली की व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी करत नेतो. घाई केली तर तेच, पृष्ठभागावर धातू.

विमानाचा नियम वॉट-अवरवर आहे. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या बॅगेत चालते, चेक-इन सामानात अजिबात नाही. तुमची २० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४. चालेल. तिच्यावर छापलेले आकडे पुसट झाले असतील तर अडवू शकतात, तेवढं बघून घ्या. विमानात वापरण्याबाबतचे नियम निघण्याआधी विमान कंपनीकडे तपासून घ्या.

चार वेळा का नाही, त्याचं उत्तरही याच ७४ मध्ये आहे. तो २०,००० चा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. केबलमधून ५ व्होल्ट बाहेर येतात, तिथे ७४ भागिले ५, म्हणजे १४,८०० एमएएचच उरतात, आणि व्होल्टेज चढवताना-उतरवताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. फोनची बॅटरी १९ वॉट-अवरच्या आसपास. तीनच्या आत-बाहेर हेच खरं उत्तर.

प्रश्नचिन्ह

जम्मूत रियासीला ५९ लाख टन लिथियम सापडलं अशी बातमी २०२३ मध्ये आली होती. मग आपण अजून आयात का करतो?

ओवी_म

तो आकडा खनिजाचा आहे, शुद्ध लिथियमचा नव्हे, आणि तोही प्राथमिक पातळीवरचा अंदाज. लिथियम त्यात अगदी थोड्या प्रमाणात असतं. खनिजापासून बॅटरीच्या शुद्धतेचं क्षार बनवणं हा वेगळा आणि मोठा उद्योग आहे. चिलीत अटाकामाच्या वाळवंटात ते खारं पाणी उन्हात आटवून काढतात, ऑस्ट्रेलियात स्पोड्युमीन नावाच्या खडकातून. दोन्हींना जमायला दशकं लागली.

मला व्यक्तिशः सोडियमकडून जास्त आशा आहे. सोडियमचा आयन मोठा आणि जड, त्यामुळे वजनाच्या मानाने ऊर्जा कमी. पण मीठ आपल्याकडे भरपूर, आणि सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करत नसल्याने तांब्याची फॉइलही लागत नाही. पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि आयसर ही विज्ञान संशोधन संस्था यांनी यावर काम केलंय, डिसेंबर २०२३ मध्ये ते जाहीर झालं. फोनला नाही, पण इन्व्हर्टरला, सौरऊर्जेला, रिक्षाला ती शोभेल.

द्राक्षबाग

ताई, निफाड तालुक्यातून लिहितो. माझ्याकडे पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप आहे. आधी शिशाची १२ व्होल्टची बॅटरी होती, जड, आणि दोन सीझनमध्ये बसली. आता नाशिकहून लिथियमची टाकून आणली, निम्म्या वजनाची. चार्जर जुनाच वापरतोय. दुकानदार म्हणाला चालतं. परवा चार्जिंगला लावल्यावर पंपाचा खालचा भाग चांगलाच गरम लागला. तुमचा धागा वाचून धाकधूक झाली म्हणून विचारतो.

ओवी_म

दादा, आत्ता चार्जरला लावलेला असेल तर आधी काढा. मग दोन लेबलं वाचून इथे लिहा. नव्या बॅटरीवर किती व्होल्ट लिहिलंय, ११.१, १२ की १२.८? आणि चार्जरवर "आउटपुट" पुढे किती?

द्राक्षबाग

काढला. बॅटरीवर ११.१ व्होल्ट, १२ अँपिअर-तास. चार्जरवर १४.४ व्होल्ट.

ओवी_म

मग हा चार्जर या बॅटरीला पुन्हा लावू नका. ११.१ म्हणजे ३.७ व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक. पूर्ण भरल्यावर त्यांचे १२.६ व्होल्ट होतात, बस्स. तुमचा चार्जर शिशाच्या बॅटरीसाठी १४.४ पर्यंत ढकलतो, म्हणजे दर सेलला ४.८. आतल्या संरक्षण सर्किटने ते तोडायला हवं, आणि बहुधा तेच तोडत असेल म्हणून आजवर निभावलं. पण स्वस्त पॅकमध्ये ते सर्किट कधीकधी नसतंच. गरम लागलं हे लक्षण हलक्यात घेऊ नका.

बॅटरी पंपातून बाहेर काढा. पंपातलं औषध झिरपून तारा हिरव्या झाल्यात का बघा. बॅटरी एक दिवस घराबाहेर, सावलीत, फरशीवर किंवा मातीवर ठेवा, जवळ वाळलेला चारा, पोती, डिझेल नको. फुगली, वास आला किंवा न वापरता कोमट लागली तर ती परत वापरायची नाही. घंटागाडीत टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेटते. टोकांना चिकटपट्टी लावून विकणाऱ्याकडे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ते घ्यायला सांगा.

ठणठणीत असेल तर दुकानातून "१२.६ व्होल्ट, लिथियम" असं लिहिलेला चार्जर आणा, २ अँपिअरचा पुरे. बारा अँपिअर-तासाला सहा-सात तास लागतील. दुकानदाराने १४.६ चा दाखवला तर घेऊ नका, तो १२.८ व्होल्टच्या एलएफपीचा. आणि सीझन संपल्यावर पंप ठेवून देताना बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नको, घरात थंड जागी. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघून थोडी चार्ज करा.

द्राक्षबाग

बॅटरी काढून ओट्यावर ठेवली. तारा ठीक आहेत, फुगलेली नाही. उद्या पिंपळगावला जाऊन १२.६ चा चार्जर बघतो. शेजारी दोघांनी माझं बघून हीच बॅटरी टाकलीय, त्यांच्याकडे आत्ताच जातो.

सर्किट_सांगली

दादा, चार्जर घेताना दुकानातच मल्टिमीटरने आउटपुट मोजून घ्या. लेबलवर १२.६ आणि आत भलतंच असे चार्जर मी बरेच बघितलेत. कुठलाही इलेक्ट्रॉनिक्सवाला मोजून देईल. १२.५ ते १२.७ च्या मधे आलं तरच पैसे द्या.

ओवी_म

+१. शेजाऱ्यांचेही दोन्ही आकडे विचारून इथे टाका, बॅटरीचा आणि चार्जरचा. त्यातल्या एकाची १२.८ ची असू शकते. तिला १२.६ चा चार्जर लावला तर धोका नाही, पण ती जवळजवळ भरणारच नाही.